एकच शीट

माझाच आवाज मी पुण्यात ऐकला, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत स्पीकर होता.

साउंड भाड्यानं देणाऱ्या एका गोडाउनात मी कामाला आहे. त्या दिवशी एका कलादालनात आठ स्पीकर गोल मांडायचे होते. मधोमध काळी-पिवळी जीपचं एक फाटकं शीट, वर दिवा, पुढं माईक. माईकमध्ये कुठलाही शब्द बोला, मशीन त्याच्यावर रॅप करतं. चाचणीला कुणीतरी "लिफ्ट" म्हणालं, आणि माझ्या आवाजात लिफ्टवर चार ओळी आल्या. मी जन्मात लिफ्टवर काही म्हणालेलो नाही. शेवटी मशीन ओरडलं, "एकच शीट, एकच शीट." तेवढं मात्र माझंच होतं.

नववीत शाळा सुटली, तेव्हापासून मी येरमाळ्याच्या फाट्यावर काळी-पिवळीला पुकारा द्यायचो. कळंब कळंब कळंब, बार्शी बार्शी, वाशी चला वाशी, सगळं एका दमात. पुढं मोबाइलवर रॅप ऐकला तर नवल वाटलं नाही. हे तर आपण रोज करतोय, खाली बीट तेवढा नाही. मग बीट उतरवून घेतला आणि पुकाऱ्यात मास्तर, एष्टी, आईची बोलणी, सगळं कोंबलं. न्हाय, हाय, माय, यमक आपोआप पडायचं.

ताई तिथंच भेटल्या. पुण्याच्या कलाकार, चहाला थांबलेल्या. गाडीच्या काचा वर करून त्यांनी मला तीन दिवस रेकॉर्ड केलं. "तुझं नाव भिंतीवर मोठ्या अक्षरात लावणार," म्हणाल्या. जाताना स्वतःचा हेडफोन देऊन गेल्या. हे गोडाउनातलं काम त्यांच्याच एका फोनवर लागलं. घरापासून इतक्या लांब मी पोट भरतोय ते त्यांच्यामुळं, हे मी विसरत नाही. म्हणून तर जास्त लागलं. परक्याचा राग दोन दिवसांत निवतो.

दालनातली ती मांडणी ताईंचीच. भिंतीवरच्या कार्डावर होतं: "आवाज : अनामिक, ग्रामीण मराठवाडा." खाली आणखी: "एकच सीट, ही आर्त हाक. शहरात गावकऱ्यासाठी उरलेली शेवटची जागा."

दोनदा वाचलं. फाट्यावर "एकच शीट" असा पुकारा आला की गाडी रिकामी, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. माणूस धावत येतो, त्याची पिशवी आधी टपावर जाते, मग तो आत बघतो तर ड्रायव्हर पाय पसरून झोपलेला. पुढं तासभर तोही त्या एका शीटाची वाट बघतो. ताईंनी त्या लबाडीची आर्त हाक केली होती.

"ताई, नाव ऱ्हायलं का माझं?"

"अरे, हा आता तुझा आवाज नाही राहिला. मॉडेलचा आहे, तुझ्या रेकॉर्डिंगवर शिकलेल्या मशीनचा. नाव घातलं की कल्पनाच मरते. समजतंय ना?"

मागं गोडाउनचे मालक उभे होते. "व्हय ताई," म्हणालो आणि वायरी सरळ करत बसलो.

शीटचं तेव्हाच सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं, गिळलं. पुण्यात चार जण हसले असते, कार्ड बदललं असतं, संपलं असतं. मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं.

महिनाभर गोड बोललो. "ताई, आमच्याकडं दाखवा की हे. आमची माणसं कधी बघणार असलं?" धाराशिवचं सभागृह ठरवताना त्यांचे डोळे भरून आले. मला त्याचंही काही वाटलं नाही. वाटत होती ती भीती, मालकांना कळलं तर बिऱ्हाड उचलावं लागंल याची. तरी ज्यांच्या गाडीला चार वर्षं पुकारा दिला, त्या ड्रायव्हर काकांना फोन केला. "समद्यांला घेऊन या धाराशिवला. जेवण न्हाय, पण करमणूक हाय."

सभागृह दुपारीच भरलं. ताई आर्त हाकेवर छान बोलल्या. मग काकांना शीटवर बसवलं. "बोला काका, कुठलाही शब्द."

काकांनी विचार केला. "डिझेल."

माझ्या आवाजात डिझेलवर चार ओळी झाल्या. मग, "एकच शीट, एकच शीट."

काकांनी मागं वळून बघितलं. "आरं तिच्या. म्हंजी गाडी रिकामीच हाय की."

सभागृह फुटलं. वाशीच्या एक मावशी उठल्या. "ह्याच आवाजानं बशिवलं हुतं मला येरमाळ्यात. मी पोचस्तवर भावजयीचं डोहाळजेवण उरकलं. कुठाय त्यो भामटा?"

"त्यो काय, वायरी धरून हुबाय," म्हणत काकांनी माझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. माईक चालूच होता. मशीनला तो नवीन शब्द वाटला, आणि माझ्याच आवाजात माझ्या नावावर चार ओळी आल्या. भिकार होत्या. पण आठही स्पीकरांतून नाव आलं, अनामिक लिहिलेल्या कार्डाच्या समोर. इथं मी ते लिहीत नाही. जिथं पाहिजे होतं तिथं वाजलं.

माणसं गेल्यावर ताई जवळ आल्या. "तुला माहीत होतं."

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अनामिक कसा सांगंल, ताई?"

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, तो उतरलेला बघून वाईट वाटेल. वाटलं नाही. वायरी गुंडाळल्या, आणि परतीच्या वाटेवर मालक काय म्हणतात याकडं कान होता. मालक गाडीत एकदा नुसते हसले.

पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला. "कार्डावर नाव घालते. फक्त ती शेवटची ओळ बदलू या. नवीन रेकॉर्डिंगला येशील ना?"

हेडफोन समोर खुंटीला होता. "येतो की ताई," म्हणालो. "निघालोच बघा. एकच शीट ऱ्हायलंय."

अर्थ आता त्यांना माहीत होता. तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.