माईक बंद होता तेवढा वेळ

मुलीने वही आणून दिली आणि म्हणाली, "आई, बाबांबरोबर ऐकलेल्या मैफली लिहून काढ. मन रमेल." मन रमवायची मला घाई नाही. पण गेल्या आठवड्यात नागपुरातल्या महाल भागातल्या संगीत मंडळाने ह्यांच्यासाठी शोकसभा घेतली, आणि तिथे अध्यक्ष जे बोलले तेच ह्यांच्याबद्दलचं शेवटचं बोलणं ठरू नये, म्हणून लिहिते आहे.

अध्यक्ष म्हणाले, "आमचे लाइनवाले भाऊ गेले. एकदा भर मैफलीत लाइन गेली होती. तेव्हा या माणसानं मैफल वाचवली."

मग दोन मिनिटं स्तब्धता झाली आणि चिवडा आला.

हे शहराबाहेरच्या वीज केंद्रात फिटर होते, म्हणून मंडळात 'लाइनवाले'. आम्ही तिथल्याच वसाहतीत राहत होतो आणि मी वसाहतीच्या शाळेत ग्रंथालय सांभाळत होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून आम्ही मंडळाच्या मैफलींना येऊ लागलो. मैफली रविवारी सकाळी असत. रात्रपाळी संपवून, बंबाच्या पाण्याने अंग धुऊन, हे तसेच बसमध्ये बसायचे. डोळे लाल असायचे. पुढच्या रांगेतले लोक त्यावरून काय समजायचे, ते मला माहीत होतं.

पुढच्या रांगेत सोफे असत. लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याने ते मंडळाला दिले होते, म्हणून मधला सोफा त्याचा. विलंबित ख्याल सुरू झाला की तो शेजाऱ्याला सागवानाच्या ओंडक्यांची हकिगत सांगू लागे. शेजारचे वकीलसाहेब चुकीच्या मात्रेवर मान हलवत आणि मग इतरांनीही तिथेच हलवली का, हे पाहायला मागे वळत. त्यांच्या बायका संत्री सोलत. प्रत्येक वर्षी एक प्रमुख पाहुणा येई. "मला संगीतातलं काही कळत नाही," असं म्हणून तो सुरुवात करी आणि पुढची पंचवीस मिनिटं ते सिद्ध करी. गवई तोवर मांडीवर हात ठेवून बसलेले. या सगळ्यांना मंडळाच्या अहवालात 'रसिक' म्हणत.

आम्ही मागे बसायचो. हे पुरुषांत खांबाजवळ, मी बायकांत भिंतीजवळ. आमच्या डोक्यावर दोन कर्णे टांगलेले असत. गाणं त्यांतून यायचं. कधी शिट्टी वाजे, कधी खरखर होई, आणि तानपुरा तर कोणी पत्र्यावर नखं ओढावीत तसा लागे.

ह्यांची एकच इच्छा होती, आणि ती ह्यांनी कधी लपवली नाही. ह्यांचं बालपण खेड्यातलं. तिथे देवळात एक म्हातारा एकतारीवर भजन म्हणायचा आणि हे त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे.

"त्याची घशातली शीर दिसे," हे सांगायचे. "कर्ण्यातून आलेलं गाणं म्हंजे फोटोतलं जेवण. मले एक डाव मोठ्या गवयाचं बिनमाईकचं आयकाचं आहे. मंग मी काही मागत नाही."

त्यासाठी दर वर्षी हे चिटणीसांकडे जायचे. "एक कोपरा द्या जी, तानपुऱ्याच्या बाजूले. मी सतरंजीवर बसतो, कोणाले दिसणार बी नाही."

चिटणीस हसायचे. "अहो लाइनवाले भाऊ, पुढं सगळी मोठी मंडळी असते. तुम्ही मागं आरामात बसा ना. आवाज तर सगळीकडं सारखाच जाऊन राहिला."

आवाज सारखाच जातो, ही त्या मंडळाची संगीताची समज.

मग तो जानेवारीतला रविवार आला. गवई सत्तरीचे होते आणि पुन्हा नागपूरला येतील असं कोणाला वाटत नव्हतं. तोडी सुरू झाली होती. तेवढ्यात पाहुण्यांना गरम चहा हवा, म्हणून कोणी शहाण्याने विजेची शेगडी त्याच बोर्डाला लावली. फाटकन आवाज झाला आणि फ्यूज गेला. दिवे गेले, माईक गेला. खिडक्यांतून ऊन येत होतं, तेव्हा अंधार असा नव्हताच. पण सोफ्यांवर असा गोंधळ उडाला की जणू छप्पर पडलं.

चिटणीस धावत मागे आले ते थेट ह्यांच्यापाशी. "भाऊ, तुम्ही लाइनचे ना? बघा ना जरा!"

"हो, पाहतो ना," असं म्हणून हे उठलेही. एवढा तत्परपणा कशासाठी, याचा मला तेव्हाही राग आला होता. आज जास्त येतो.

बोर्ड मागच्या गल्लीकडच्या खोलीत होता. मंडळाकडे फ्यूजची तार नव्हती. रविवार असल्याने दुकानं बंद. ह्यांनी कोणाची तरी सायकल घेतली आणि तार शोधायला गेले.

इकडे सोफे रिकामे झाले. माईकशिवाय पाहुण्यांचं भाषण होणार नव्हतं, तेव्हा ती मंडळी अंगणातल्या उन्हात जाऊन उभी राहिली. गवयांनी समोरचा माईक हाताने बाजूला केला आणि म्हणाले, "ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी जवळ या."

आम्ही तीस-पस्तीस जण उठलो. मी जाऊन बसले ती तानपुऱ्याच्या बाजूला, हे दर वर्षी मागायचे त्याच कोपऱ्यात.

ते जवळजवळ पाऊण तास गायले. त्यातल्या अर्ध्या वेळानंतर सायकल उभी केल्याचा आवाज मला गल्लीतून ऐकू आला. हे परत आले होते, भिंतीपलीकडे बोर्ड उघडून काम करत होते. उठून वीस पावलं चालायची आणि दारातून म्हणायचं, "अहो, राहू द्या ते, आत या." एवढंच करायचं होतं. मी उठले नाही. शिष्टाचार वगैरे काही नाही. मला एक आवर्तनही सोडवेना.

दिवे आले. माईक बाजूला पडल्या पडल्या किंचाळला आणि गवई दचकून थांबले. हे रुमालाने हात पुसत दारात आले, तर सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी गाण्याला पडल्या नाहीत एवढ्या टाळ्या फ्यूजला पडल्या. अध्यक्षांनी माईक ओढून जाहीर केलं की मैफल वाचली. सोफे भरले, गवई पुन्हा माईकमागे सरकले, आणि हे लाजत हसत खांबाजवळ जाऊन बसले.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी विचारलं, "काय वं, बिनमाईकचं गायले म्हणे? कसा होता आवाज?"

मी म्हटलं, "तसाच. माईकवर असतो तसाच. जरा बारीक."

"खरंच?"

"हो."

हे म्हणाले, "मंग ठीक आहे. मी उगाच लोकाईच्या मागं लागलो होतो."

दयेपोटी खोटं बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. "मंग मले बलवाले काहून नाही आली?" हा प्रश्न येऊ नये, म्हणून मी ते बोलले.

त्यानंतर ह्यांनी कोपरा मागितला नाही. दर वर्षी मैफलीच्या आधी तासभर जाऊन कर्ण्यांच्या तारा तपासून द्यायचे आणि मग त्याच कर्ण्यांखाली समाधानाने बसायचे. मंडळाने ह्यांचा फुकटचा कारागीर करून घेतला. मी त्या लोकांना मनातल्या मनात किती नावं ठेवली याला गणती नाही. पण त्यांनी ह्यांना फक्त मागे बसवलं होतं. पुढे येण्याची इच्छाच उरू नये, ही व्यवस्था माझी.

शोकसभेत माझ्या हातात माईक दिला. बोलायचं नाही, अशी मी मान हलवली. दुःखामुळे बोलवत नाही, असं त्यांना वाटलं आणि ते त्यांना आवडलं.

खरं सांगायला मला त्या बसमध्ये तासभर मिळाला होता, आणि नंतर अकरा वर्षं. आता वहीत लिहिते.

आवाज तसाच नव्हता. सा लावण्याआधीचा श्वास ऐकू येत होता. खालच्या सुरांना आवाज थोडा फाटत होता, आणि ते लपवत नव्हते. तानपुरा पत्र्यासारखा लागतच नव्हता, त्याचा गुंजारव सतरंजीतून पायांना कळत होता. आणि शीर दिसत होती. घशाच्या डाव्या बाजूची.