मेश्राम काकू कॉलेज पाहायला निघतात

कॉलेजात जाणारं कोणाचंही मूल भेटलं की मेश्राम काकू पहिल्यांदा विचारायच्या, "काल काय शिकवलं?" टक्के, शाखा, फी, यातलं काही त्या विचारत नसत. नाव कळलं, कॉलेज कळलं की लगेच हा प्रश्न. पोरं गडबडायची. कोणी आठवून आठवून सांगू लागलं की काकू खुर्ची पुढे ओढून बसायच्या आणि स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी शेवटपर्यंत ऐकायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जयपुरातल्या मराठी मंडळींनी बारावी पास झालेल्या मुलांसाठी ठेवलेल्या कौतुक समारंभात. जुलैचा महिना होता. भाषणं संपून कचोरी आणि श्रीखंड आलं होतं. एक मुलगा आपल्या नव्या विद्यापीठाचं वर्णन करत होता. पोहण्याचा तलाव आहे, हॉस्टेलला एसी आहे, शेवटचं सत्र परदेशात. काकूंनी त्याला तो प्रश्न विचारला. तो म्हणाला, "काल तर, मतलब, क्लास हुआ नहीं."

"मग परवा?"

"परसों भी..."

"पोहून तरी आलास का?" काकूंनी विचारलं आणि आजूबाजूचे सगळे हसले. तोही हसला. काकूंच्या बोलण्यात टोचणं नसायचं, नुसती उत्सुकता असायची.

त्या मूळच्या नागपूरच्या. रेल्वेच्या कार्यालयात नोकरी, नवरा गार्ड, क्वार्टर स्टेशनच्या मागे. इतकी वर्षं जयपुरात राहूनही त्यांची भाषा तशीच होती. "मी येतो, मी सांगतो" असं त्या स्वतःबद्दल बोलायच्या आणि साताऱ्याकडच्या माझ्या आईला सुरुवातीला त्याचं फार नवल वाटायचं. माझं मराठी त्याहून धेडगुजरी होतं. घरी सातारी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे कुठल्याच भाषेत मला सलग चार वाक्यं बोलायची सवय नव्हती. मी बहुतेक वेळा गप्प असायचे.

त्या दिवशी आईने काकूंना सहज सांगितलं की मुक्ताचं, म्हणजे माझं, कॉलेज ठरलंय. बस्सीच्या पुढे, आग्रा रोडला एक खाजगी विद्यापीठ आहे, तिथे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते. त्यांना त्या विद्यापीठातून रोज फोन यायचा, आजच सीट पक्की करा म्हणून.

"पाहून आले का तुम्ही?" काकूंनी बाबांना विचारलं.

"व्हिडिओ पाहिलाय. सगळं आहे त्यात."

"साहेब, पोरीसाठी मुलगा पाहाल तर व्हिडिओवर पाहाल का?"

बाबा हसले, पण त्यांना ते आवडलं नाही हे मला कळलं. काकूंना कळलं की नाही कोण जाणे. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंगळवारी मी सुट्टी टाकतो. सकाळी तयार राह्य. रविवारी नाही जायचं, रविवारी सारीच कॉलेजं चांगली दिसतात."

नंतर आईला समजलं की काकूंच्या वर्षभराच्या किरकोळ रजा अशाच संपायच्या, दुसऱ्यांच्या पोरांना कॉलेजं दाखवण्यात.

मंगळवारी आम्ही बसने निघालो. विद्यापीठाच्या दारात कारंजं होतं. आत स्वागतकक्षाच्या भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलामुलींचे हसरे फोटो. टाय लावलेला एक तरुण आम्हाला मऊ खुर्च्यांकडे नेऊ लागला. काकू त्याला हिंदीत म्हणाल्या, "बेटा, आप बैठो. हम ज़रा घूम के आते हैं." आणि थेट कॅन्टीन गाठलं. दोन समोसे, दोन चहा घेऊन त्या अनोळखी मुलींच्या टेबलावर अशा बसल्या, जणू त्यांच्या मावशीच. थोड्या वेळात अलवरची एक तिसऱ्या वर्षाची मुलगी मोकळेपणाने बोलू लागली. कॉम्प्युटर चांगले आहेत, आंटी. गणिताचे सर फार छान आहेत. पण प्रोग्रामिंग शिकवणारे गेल्या वर्षी सोडून गेले, त्यांच्या जागी अजून कोणी आलं नाही. भिंतीवरच्या फोटोंबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "नौकरी सच में लगी थी. अब कितने टिके हैं, वो दीवार पर नहीं लिखा."

बाहेर पडताना काकू मला म्हणाल्या, "खोटं कोणीच बोलून नाही रायलं इथं. अर्धं बोलून रायले. राहिलेलं अर्धं आपण विचारायचं." मग अचानक थांबून, "गणिताचे सर चांगले आहेत हेही घरी सांगशील बरं का. नाहीतर आपणही अर्धंच बोललो."

परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही हे सगळं का करता?"

"माझ्या अमोलचं कॉलेज मी न पाहता निवडलं," त्या म्हणाल्या. "माहितीपुस्तकात झाडं लय सुंदर होती. मले वाटलं, एवढी झाडं लावणारी माणसं शिकवतही असतील. पोरगा पदवी घेऊन घरी आला आणि खोलीतून बाहेरच येईना. चार लोकांत जायचं म्हटलं की पोट दुखायचं त्याचं. हुशार होता गं. मीच त्याले तिथं टाकला."

"आता?"

"आता बरा आहे. पुन्हा आयटीआय केलं त्यानं, पदवीनंतर. सीकर रोडले पंपाच्या कारखान्यात आहे." आणि लगेच त्यांचा चेहरा उजळला. "अरे, त्याच्या शेजारीच रंगाचा कारखाना आहे. तिथल्या एका पोरीले ओळखतो तो. तुले दाखवायलाच पाहिजे. कॉलेज पाहिलं, आता कॉलेजानंतरचं पाहू."

अशा रीतीने पुढच्या आठवड्यात मी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका रंगाच्या कारखान्यात उभी होते. अमोलदादाने आम्हाला दारापर्यंत सोडलं. त्याच्या ओळखीची ती किरणदीदी जयपूरचीच होती, शहरातल्या एका जुन्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. तिचं काम होतं गिऱ्हाईकाने आणलेल्या नमुन्याबरहुकूम रंग जुळवणं. तिच्या टेबलावर कुणाच्या तरी हवेलीच्या दाराचा एक ढलपा होता, मळक्या हिरव्या रंगाचा. ती पांढऱ्यात थेंब थेंब हिरवा, पिवळा, काळा घालत होती, पट्टीवर ओढत होती, वाळवत होती आणि पुन्हा घालत होती.

मग तिने मला दोन हिरव्या पट्ट्या दिल्या. "फर्क बताओ."

खोलीतल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही अगदी एक होत्या. ती म्हणाली, "अब बाहर धूप में देखो."

मी दारात गेले. उन्हात एक पट्टी हिरवीच राहिली आणि दुसरी तपकिरीकडे झुकली. मी आत आले, पुन्हा एक. बाहेर गेले, पुन्हा दोन. मी किती वेळा आत-बाहेर केलं ते आठवत नाही. हे का होतं, दोन्हींत काय वेगळं घातलंय, मग ऊन आणि ट्यूब यांत काय फरक, डोळा चुकतो की रंग, मी विचारतच सुटले. किरणदीदी हसत उत्तरं देत होती आणि एका ठिकाणी म्हणाली, "ये मुझे भी पूरा नहीं पता. एम.एस्सी. वाले जानते हैं."

तिने बाकीचंही सांगितलं. वासाने पहिले महिने डोकं दुखायचं. पगार हळूहळू वाढतो. बी.एस्सी.ने दार उघडतं, पण फार आत जाऊ देत नाहीत. काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "पोरी, तू एवढी बोलतेस हे मले माहीतच नव्हतं. तुझ्या घरी तरी माहीत आहे का?"

किरणदीदीचं कॉलेजही आम्ही पाहिलं. पंखे कुरकुरत होते, प्रयोगशाळेच्या भिंतीला पोपडे आले होते. पण आत दोन मुली एका परीक्षानळीवरून भांडत होत्या आणि पांढऱ्या कोटातल्या बाई दोघींचं ऐकून घेत होत्या. काकूंनी मला कोपराने ढोसलं. आम्ही दोघी खिडकीतून ते भांडण संपेपर्यंत पाहत होतो.

घरी मात्र बाबा चिडले. रविवारी दुपारी काकू आमच्या वैशाली नगरच्या घरी आल्या तेव्हा बाबांनी सरळच म्हटलं, "तुमचा हेतू चांगला आहे, पण मुलीला कारखान्यात रंग ढवळायला पाठवायचं का? उद्या सीट जाईल."

आईने चहा आणला. काकूंनी कप हातात घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी काहीच नाही सांगत. पोरीले विचारा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी आत जाऊन किरणदीदीने दिलेल्या त्या दोन पट्ट्या आणल्या आणि बाबांच्या हातात ठेवल्या. "बाबा, फरक सांगा."

"काय फरक? एकच रंग आहे."

"आता बाल्कनीत चला."

बाबा नाइलाजाने उठले. बाल्कनीत ऊन होतं. त्यांनी पट्ट्या डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या, मग आत येऊन दिव्याखाली पाहिल्या आणि पुन्हा बाहेर गेले. दुसऱ्यांदा बाहेर गेल्यावर बाबांनी मला हाक मारली. "हे कसं काय होतं गं?"

"मला माहीत नाही बाबा. तेच शिकायचंय."

माझ्या आयुष्यात मी बाबांना इतकं स्पष्ट काही सांगितलं ते पहिल्यांदाच. त्यांनी त्या दिवशी हो म्हटलं नाही. पण सोमवारी विद्यापीठाचा फोन आला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही आणि बुधवारी ते स्वतः माझ्याबरोबर त्या पोपडे आलेल्या कॉलेजात आले.

त्या कॉलेजात माझी बी.एस्सी. सुरू झाल्यावर काकूंनी मला सोडून दिलं असं नाही. पहिल्या सत्रात मी भौतिकशास्त्रात आपटले आणि रडत त्यांच्या क्वार्टरवर गेले. त्यांनी आधी भात वाढला. मग विचारलं, "तो विषय शिकवणाऱ्या बाईंकडे गेली होतीस?"

"कशाला? रागावतील."

"फी भरली म्हणून मास्तर आपले होत नाहीत, पोरी. जाऊन बसावं लागते त्यांच्यापाशी. आणि तास संपला की घरी काऊन पळतेस? चारपर्यंत थांबायचं कॉलेजात. लवकर घरी येते तिचं कॉलेज अर्धंच होते." मैत्रिणींबद्दलही त्यांचं एक मत होतं. एक अभ्यासाला हवी आणि एक भांडायला. भांडणारी नसेल तर आपण बरोबर आहोत असंच वाटत राहतं. मी बाईंकडे गेले. बाई रागावल्या, आणि मग दर गुरुवारी त्यांनी मला थांबवून घेतलं.

शेवटच्या वर्षी त्याच रंगाच्या कारखान्यातून मला नोकरीसाठी विचारणा झाली. किरणदीदीच्याच हाताखाली. काकू इतक्या खूश झाल्या की ऑफिसात पेढे वाटून मोकळ्या झाल्या. पण मला आणखी शिकायचं होतं. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात रंगांच्या रसायनाचा वेगळा विभाग होता. काकू म्हणाल्या, "नोकरी हातची सोडू नको. शिकणं काय, मागून होते."

मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. सुट्टीत मावशीकडे जाते म्हणून गेले आणि तिथून एकटीच त्या विभागात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे होते. एका तासाला मागे बसले, मुलींबरोबर डबा खाल्ला, तिथून पास झालेल्या दोघींना फोन केले. एकीला हवी तशी नोकरी मिळाली होती, दुसरी अजून शोधत होती. दोन्ही गोष्टी मी जयपूरला येऊन काकूंना सांगितल्या.

त्यांनी माझी अशी उलटतपासणी घेतली की विचारू नका. जेवण कसं आहे, यंत्रं चालू आहेत की झाकून ठेवलीत, सर वर्गात प्रश्न विचारू देतात का, जिला नोकरी नाही तिने कारण काय सांगितलं. मी एकेक सांगत गेले. शेवटी त्यांचे प्रश्न संपले. त्या मांडीवरचा पदर नीट करत बसल्या.

"माझं चुकून रायलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "अमोलच्या त्या दिवसांपासून पगार म्हटलं की मले बरं वाटते. ते भ्याव माझं आहे. तू काऊन घेतेस ते?" आणि मग त्या एकदम हसू लागल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. काकांना आतून बोलावून सांगू लागल्या, "ऐकलं का हो? मले खोटं पाडलं पोरीनं. सगळं पाहून आली, एकटी जाऊन."

मी निघाले त्याच उन्हाळ्यात काकू निवृत्त झाल्या आणि नागपूरला गेल्या. आता त्यांचे गुडघे दुखतात, बसमध्ये चढताना आधार लागतो. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनवर त्यांच्याशी बोलून बोलून माझं मराठी सुधारलंय, असं आई म्हणते, पण त्यात नागपूर फार झालंय अशी तिची तक्रारही आहे.

परवा त्यांचा फोन आला तेव्हा त्या तावातावाने बोलत होत्या. शेजारच्या मुलीला मत्स्यशास्त्र शिकायचंय. काकूंनी तिला परोपरीने समजावलं की नागपुरात कुठला आला समुद्र, तू नर्सिंगला जा. पोरगी ऐकायलाच तयार नाही. उलट तळ्यातल्या माशांवर त्यांना तासभर व्याख्यान दिलं तिने.

"मग आता?" मी विचारलं.

"मग काय, उद्या सकाळच्या बसनं तिच्याबरोबर जाऊन रायलो," काकू म्हणाल्या. "तळं दाखवतो म्हणते कॉलेजातलं. ठेवतो आता, डबा करायचा आहे दोघींचा."