गिलीने आणलेला शेंडा

नॉरफोक बेटावरच्या टेलिफोनच्या पुस्तकात आम्ही माणसं टोपणनावाने छापतो. गिलफर्डचा, आमच्या गिलीचा, नंबर हवा असेल, तर ‘माकड’ शोधावं लागतं. चौदाव्या वर्षी तो पहिल्यांदा पाइनच्या शेंड्यापर्यंत चढला आणि पुढची पन्नास वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. बी उतरवायचं, वाळवायचं, परदेशी पाठवायचं. ज्या झाडाकडे आम्ही मान मोडेपर्यंत नुसतं बघायचो, तिथून हा खाली टोपी फेकायचा. फुशारक्या मारायचा का? भरपूर. पण त्याला त्या शोभायच्या, कारण तो खरोखर वर जाऊन आलेला असायचा.

एकदा ब्रिस्बेनहून एक वनस्पतिशास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. त्यांना नमुने गिलीनेच काढून दिले. बाईंनी त्याला समजावलं, की झाडाच्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली उतरत राहतं. त्याच्या धाकाने खोडातले डोळे झोपून असतात. शेंडा गेला की धाक संपतो, मग एखादा डोळा जागा होतो आणि नवा शेंडा होऊन सरळ वर निघतो. फांदीचं मात्र तसं नाही. फांदी तोडून लावली तर ती मुळं धरते, जगते आणि जन्मभर आडवीच वाढते. जनुकं दोघांत तीच, पण फांदीत त्यातली काही बंद झालेली असतात आणि मग ती उघडत नाहीत. का उघडत नाहीत, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही, असं बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. गिलीच्या आजोबांना हे सगळं संप्रेरकाचं नाव न घेता ठाऊक होतं. तरी गिलीने ते पाठ केलं आणि पुढे वीस वर्षं पर्यटकांना ऐकवलं. आम्हाला ऐकवायला लागला की आम्ही ‘पुरे रे माकडा’ म्हणून उठून जायचो. आता वाटतं, तेव्हा बसून ऐकायला हवं होतं.

लेटी त्याची चुलत बहीण, सहा वर्षांनी मोठी. तिचा एकुलता एक मुलगा कॉलिस एकोणतिसाव्या वर्षी मासेमारीच्या होडीसकट गेला. होडीची एक फळी मिळाली, तो मिळाला नाही. त्यामुळे इथल्या किंग्स्टनच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड नाही. सात वर्षांचा असताना त्याने कड्याच्या टोकाशी एक पाइन लावला होता. लेटी रविवारी फुलं घेऊन त्या झाडाकडे जायची. झाडाला बी कधी धरलंच नाही.

मग एका वादळात ते मधोमध चिरलं आणि समुद्राकडे झुकलं. खालून धक्क्याकडे जायची वाट, म्हणून ते पाडायचं ठरलं. पडलं की शेंड्यासकट खडकांवर आणि लाटांत जाणार, हे उघड होतं. आदल्या दिवशी लेटी केळ्यांची पिल्ही, म्हणजे केळी किसून भाजलेली आमच्याकडची वडी, घेऊन गिलीच्या दारात आली.

“मला त्याचा शेंडा आणून दे, गिली. दुसरं रोप नको. तेच झाड हवं. त्याला माझ्या पोराचा हात लागलाय.”

त्यात काय, असं गिली म्हणाला.

सकाळी तो चढला. लेटीला बघवेना, म्हणून ती झाडाकडे पाठ करून खुर्ची टाकून बसली. चिरेपर्यंत गिली नेहमीसारखा गेला. चिरेच्या वर झाड वाऱ्याबरोबर कुरकुरत होतं आणि त्याच्या छातीखाली ती चीर उघडत मिटत होती. तिथे त्याचे हात थांबले. चौसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला भीती वाटली. तो खोडाला गाल लावून बराच वेळ तसाच राहिला. मग त्याने हाताशी आलेल्या फांदीचं टोक कापलं, शर्टात घातलं आणि खाली उतरला.

“आणलास?” लेटीने न वळता विचारलं.

“आणला.”

दुपारी झाड पाडलं.

घरी येऊन गिलीने त्या टोकाच्या दोन्ही बाजूंच्या चपट्या डहाळ्या छाटल्या, म्हणजे फांदी ओळखू येऊ नये. मुळं फुटायची पावडर लावली, कुंडीत खोचलं. ते मरावं म्हणून त्याने मनापासून वाट पाहिली. मेलं असतं तर लेटी एकदा रडली असती आणि विषय संपला असता. पण मुळं फुटली. मेल्याला जगायची केवढी हौस! कुंडी लेटीला द्यावी लागली.

वर्षाने लेटीने त्याला बोलावलं. झाडाचा खुंट खणून काढायचा होता, त्याच जागी कुंडीतलं रोप लावायचं होतं. गिली गेला आणि बघतो तर खुंटाच्या सालीतून चार फुटवे आलेले. तीन किरकोळ. चौथा वीतभर, चहूबाजूंनी पानं, आणि सरळ उभा.

“हे राहू द्यायचे का?” त्याने विचारलं.

“कशाला? वरचा शेंडा आहे ना माझ्याकडे. तूच तर आणलास.”

फांदी आडवीच वाढते, नवा शेंडा खुंटातून येतो, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. गिली, जो पर्यटकांना हेच वाक्य फुकट ऐकवायचा, त्याने कुदळ उचलली. पन्नास वर्षांचं नाव एका वाक्यात जाणार होतं. दोन दिवस खपून त्याने तो खुंट स्वतः खणला. चौथा फुटवा त्याने गुपचूप घरी नेला, पावडर लावली, काच झाकली, रात्रंदिवस जपला. अकराव्या दिवशी तो काळा पडला. त्या दिवशी गिली शेडमध्ये बसून रडला. झाडावर चढणं त्याने त्यानंतर सोडलं. गुडघा दुखतो, असं सांगायचा.

लेटीचं रोप वाढलं, हिरवंगार, आडवं. तिने काठी लावून ते उभं बांधलं. दर वसंतात नवं टोक बाजूला निघायचं आणि दर वसंतात गिलीला हाक यायची. इथे वारा फार आहे, असं म्हणत तो चिंध्या बांधायचा. लोक गाडीतून जाताना हात करायचे, तोही करायचा.

सात वर्षं असं चाललं. परवा लेटीने बोलावलं, ती काठी काढ म्हणून सांगायला. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे, तिला खुर्चीतून उठवत नाही, म्हणून खुर्चीसकट कड्यावर आणून बसवलं होतं. गिलीने चिंध्या सोडल्या, काठी उपटली. झाड हळूहळू कलंडलं आणि गवतावर टेकलं.

“त्या दिवशी वरून टोपी फेकली नाहीस तू,” लेटी म्हणाली. “लावल्यावर दोन वर्षांतच कळलं मला, ही फांदी आहे. म्हटलं, राहू दे. तूही वरून पडला असतास तर मी कुणाकडे बघायचं होतं? आणि नाहीतरी दुसरा उपाय काय होता? तूच सांग, तुला झाडातलं कळतं.”

गिलीने खुंटाच्या जुन्या जागेकडे बघितलं. खुंट खणताना तोडलेल्या एका मुळाचं टोक अजून मातीतून वर दिसत होतं.

“काहीच नव्हता,” तो म्हणाला.

तिने त्याच्या हातावर थोपटलं आणि घरी न्यायला पिल्ही बांधून ठेवली आहे, असं सांगितलं. ती घेऊन तो घरी गेला.