केरबाच्या पाठीवरचा हात

कोल्हापुरात संध्याकाळी दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. केरबा तिथला नावाजलेला गवळी. तालमीत कमावलेलं अंग. बनियन घालून म्हशीखाली बसला की बघणाऱ्यानं बघत राहावं. पण गडी असा लाजाळू, की बायकोशीसुद्धा मान खाली घालून बोलायचा.

त्याच्या मागे लागल्या वर्षाराणीबाई. राजारामपुरीहून गाडीतून यायच्या आणि तो धार काढत असताना त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवायच्या. दोन्ही हात कासेला गुंतलेले, तेव्हा केरबा नुसता आकसायचा. त्याची चंदी म्हैसही बुजायची आणि पान्हा चोरायची. कट्ट्यावरची मंडळी मात्र खुशीत. त्याचा तालमीतला दोस्त ज्ञानू तर, लेका नशीब काढलंस, म्हणून पाठीत थाप घालायचा. केरबाला तिडीक यायची. पण बाप्यानं असली तक्रार करायची तरी कुणाकडे? शेवटी त्यानं कट्टाच सोडायचं ठरवलं आणि तसं बायकोला, बाळाबाईला सांगितलं. कारण सांगताना, तीही हसेल अशी त्याला भीती होती.

बाळाबाई हसली नाही. "मला एसटीत एकानं चिमटा काढला तवा तुमी अख्खी गाडी थांबवली हुती," ती म्हणाली. "तुमच्या अंगाला काय कातडं न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊनच कट्ट्यावर गेली आणि ठाण मांडून बसली. बाई आल्या, हात पाठीवर आला. केरबानं चरवी खाली ठेवली आणि उठून उभा राहिला.

"बाई, अंगाला हात लावायचा न्हाय." आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

ज्ञानू खो खो हसायला लागला. बाळाबाई त्याच्याकडे वळली. "भावजी, म्हशीला परका हात लागला की ती लाथ झाडती. तवा तुमी मुकाट मागं सरता. हसत न्हाईसा."

हसणं तिथंच विरलं. वर्षाराणीबाई, मी आपलं सहज, कौतुकानं, असं काहीबाही पुटपुटल्या. मग हळूच, चुकलं, म्हणाल्या आणि पेला न घेताच गेल्या.

केरबा परत बसला. चंदी पान्हावली, चरवीत धारा वाजायला लागल्या. इतकं मोकळं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पुढच्या संध्याकाळी ज्ञानू आला. सवयीनं थाप मारायला हात उचलला आणि मध्येच थांबला.

"केरबा, मारू न्हवं?"

केरबा एवढ्या मोठ्यानं हसला, की चंदी मान वळवून बघायला लागली.

"इचारलंस न्हवं," तो म्हणाला, "आता मार की."