रुमालाखालचा समुद्र

लेकीला समुद्राच्या अभ्यासासाठी रत्नागिरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि मी सरळ नाही म्हणालो. तीन वर्षं किनाऱ्यावर राहायचं आणि मधेच एखाद्या अमावास्येला वारं सुटून त्सुनामी आली तर?

भूमच्या बाजारात बैलांचे सौदे करून मी घर उभं केलं. तरी धाराशिवला नोकरीला असलेला माझा साडू भर लग्नाच्या पंगतीत म्हणाला होता, "ह्यांला बैलाचे दात सोडून काय कळतंय?" पानातली जिलबी तशीच टाकून मी उठलो होतो. तो राग अजून उतरलेला नाही. त्यामुळं घरात कुणी "तुम्हाला कळत नाही" म्हटलं की माझं डोकं फिरतं. लेकीनं नेमकं तेच म्हटलं.

"अप्पा, तुम्हाला कळंना. त्सुनामी वाऱ्यानं येत न्हाय, अमावास्येच्या भरतीनं बी न्हाय."

"मग काय माझ्या ओरडण्यानं येती?" मी ओरडलो.

"तशी येत असती तर भूम कवाच बुडालं असतं," बायको चुलीपासून म्हणाली.

लेकीनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी धरली तितका आकडा, आणि गच्च दाबली की सौदा पक्का. तिनं दोघांचे हात रुमालाखाली घेतले आणि त्यावर आईला पाण्यानं भरलेलं ताट धरायला लावलं.

"वर समुद्र, खाली तळाचे दोन थर. तुमचा हात माझ्या हाताखाली घुसवा. सरळ सरकत न्हाय, अडकतो, अन् माझी कड बी खाली ओढतो. वर्षानुवर्षं."

"म्हणजे दोन हट्टी गिऱ्हाइकं."

"व्हय. ओढा अजून."

मी इरेला पेटून ओढलं. तिचा हात एकदम सुटून वर उसळला, ताटाला धडकला आणि सगळा समुद्र माझ्या मांडीवर!

"तळ असा उसळला की वरचं सगळं पाणी उचलतं," ती हाताचं पाणी झटकत सांगत होती. "खोल पाण्यात ती लाट दिसत बी न्हाय, पण विमानावानी पळती. किनाऱ्याला उथळ लागलं की वेग घटतो अन् उंची वाढती. कधी पाण्याखालचा ज्वालामुखी फुटून येती, कधी दरड कोसळून."

"आन् रत्नागिरीला?"

"तसली फट लांब, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याकडं हाय. धोका अगदीच न्हाय असं न्हाय, पण कमी हाय. इशारा आला की टेकडीवर पळायचं. आता हात बघा."

रुमाल बाजूला केला. पाणी अंगावर येताच दचकून मी तिची तीन बोटं गच्च दाबली होती.

"तीन वर्षं. तुम्हीच धरली."

"ही लबाडी हाय!"

"लेक कुणाची हाय?" बायको म्हणाली, आणि हसता हसता ताट घेऊन खालीच बसली. ओल्या धोतरात मलाही रागावणं जमेना.

दर अमावास्येला फोन करायचा, एवढं मात्र मी घासाघीस करून मिळवलं. साडूला अजून काही कळवलेलं नाही. पुढच्या लग्नात मी त्याच्या शेजारीच बसणार आहे, खांद्यावर रुमाल आणि हाताशी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवून.