नसलेल्या पायाची खाज

माझ्या वडिलांनी मला नर्सिंगला घातलं, कारण तिथे राहण्याजेवण्याची सोय होती. सेवा, त्याग, समर्पण हे शब्द मला फार नंतर, सत्कारांच्या भाषणांतून कळले.

वडील मुंबईला गोदीत कामाला होते. आई आणि आम्ही भावंडं रत्नागिरीपासून आत, एका गावात राहायचो. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास आमच्या वाडीने बौद्ध धम्म स्वीकारला. देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. रिकाम्या जागेत आईने तांदळाचा डबा ठेवला. शाळेत माझी बसायची जागा दाराशी होती, ती मात्र धर्म बदलल्यावरही दाराशीच राहिली. तिथे वारा चांगला यायचा.

मी इंटर सायन्सपर्यंत पोचले. डॉक्टर व्हावं असं काही डोक्यात नव्हतं. आमच्या ओळखीत डॉक्टर कोणी नव्हतं, त्यामुळे डोक्यात यायला ते येणार तरी कुठून? सैन्याच्या दवाखान्यांना नर्स हव्या आहेत ही बातमी वडिलांनी गोदीतूनच आणली. शिक्षण झालं, कमिशन मिळालं आणि मी लेफ्टनंट झाले. वडिलांनी गोदीत पेढे वाटले. "मुलगी लेफ्टनंट झाली," असं ते सांगायचे, आणि लोक विचारायचे, "म्हणजे जावई लेफ्टनंट आहेत का?" शेवटी कंटाळून ते हो म्हणायला लागले. मला बरेच दिवस नवरा होता आणि मला ते माहीत नव्हतं.

काही महिन्यांतच बांगलादेशची लढाई लागली. आम्हाला पूर्वेकडे नेलं. लढाई म्हणजे काय असतं ते मी कोकणातल्या मुलीच्या समजुतीप्रमाणे धरून चालले होते: डोंगर, बर्फ, भगवे झेंडे. प्रत्यक्षात तिथे सगळीकडे भातशेती होती, आमच्यासारखीच, फक्त सपाट. एका शाळेत आमचा दवाखाना होता. बाकं जोडून खाटा केल्या होत्या. फळ्यावर भागाकाराचं एक गणित अर्धं राहिलं होतं आणि पुसायला कुणाला सवड नव्हती. ड्रेसिंग बदलताना ते माझ्या समोर यायचं. शेवटी मी ते मनातल्या मनात सोडवून टाकलं.

लढाई फार चालली नाही. आमचं काम मात्र लढाई संपल्यावर वाढलं, कारण मग पकडलेले जखमी पाकिस्तानी सैनिकही आले. त्यांचा वॉर्ड मला दिला. का दिला, माहीत नाही. मी नवीन होते आणि बाकीच्या सिस्टर नको म्हणाल्या असाव्यात.

त्यांच्यात एक पंजाबी मुलगा होता, माझ्याहून लहान. त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला होता. जखम चांगली भरत होती. तो रडायचा नाही, शिव्या द्यायचा नाही, जेवायचा नीट. एक दिवस सकाळी मी खाटेजवळून जात असताना तो म्हणाला, "सिस्टर, पैर में खुजली है."

मी डाव्या पायाकडे हात नेला.

"वो नहीं. दूसरा."

मी त्याला समजावलं की दुसरा पाय नाही. तो म्हणाला, ते त्याला माहीत आहे. पाय नाही हे त्याच्या लक्षात होतं. खाज होती, एवढंच त्याचं म्हणणं होतं. अंगठ्याला, नखाच्या खाली.

आता यावर काय करायचं हे आम्हाला शिकवलं नव्हतं. मग पाय असता तर अंगठा जिथे आला असता, तिथे मी चादरीवर खाजवलं.

"थोडा ऊपर," तो म्हणाला.

मी थोडं वर खाजवलं. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "बस."

त्यानंतर हे रोज चालू झालं. एकदा मेट्रन फेरीला आल्या. मी चादर खाजवत होते.

"लेफ्टनंट, काय करता आहात?"

"खाजवतेय, मॅडम."

"काय?"

"पाय."

मेट्रननी चादरीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. त्याने त्यांना सलाम केला. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "नखं कापलेली आहेत ना?"

मला राहवेना. आमचे सर्जन एक मेजर होते, हाताला फार चांगले, तोंडाला बरे. त्यांना मी विचारलं, जो पाय नाही त्याला खाज का येते? ते हात धूत होते. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या कामाला ते कळण्याची गरज नाही." ते रागावून बोलले नव्हते. पंप कुठे आहे हे सांगावं तसं सांगितलं. पण मला वाटलं, माझ्या कामाला गरज नाही, तर कुणाच्या कामाला असेल? उत्तर सरळ होतं. डॉक्टरच्या.

तो मुलगा पुढे दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात गेला. ट्रकमध्ये चढवताना त्याने माझा हात धरला. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "वहाँ कौन करेगा?" मी म्हटलं, कुणीतरी करेल. मला ते खरं वाटत नव्हतं. ट्रक गेला, मी आत येऊन त्याची चादर धुवायला टाकली आणि शाळेच्या मागच्या पंपावर बराच वेळ तोंड धूत राहिले.

सैन्यातली वर्षं संपल्यावर मी मेडिकलला अर्ज केला. लष्करात नोकरी केलेल्यांसाठी काही जागा असतात, त्यातली एक मिळाली. वर्गात मी सगळ्यांची ताई होते. मुलं मला बेडूक धरायला बोलवायची. घरी आई काळजीत. त्या काळात एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, सरकारी कचेरीत क्लार्क. तो म्हणाला, नर्स चालेल, डॉक्टर नको. मी म्हटलं, थोडी वर्षं आधी यायला हवं होतं. त्यालाही ते पटलं.

मज्जासंस्था शिकवायला सुरुवात झाली त्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसले. तास संपल्यावर हात वर केला आणि सरांना विचारलं, कापलेल्या पायाला खाज का येते? सरांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे. नक्की माहीत नाही."

म्हणजे डॉक्टरांनाही ते माहीत नव्हतं. पण फी भरून झाली होती, म्हणून मी डॉक्टर झाले.

नेमणूक मागून घेतली ती आपल्याच जिल्ह्यात, जयगडच्या खाडीजवळच्या आरोग्य केंद्रात. तेव्हा तिथे आताचं मोठं बंदर नव्हतं, रस्ताही नावापुरता. माझ्याआधी तिथे राहायला डॉक्टर आलेला नव्हता, बाई तर नाहीच. पहिल्या सकाळी मी टेबलामागे जाऊन बसले. एक म्हातारी आली. बसली. मी विचारलं, काय होतंय?

"तुला काय सांगू बाय? डाक्तर कवा येनार?"

"मीच डॉक्टर."

"व्हय, पन डाक्तर कवा येनार?"

मी म्हटलं, येतील इतक्यात. तोपर्यंत मी तपासते. तिला ते चाललं. औषध घेऊन ती गेली. बरी झाल्यावर पुन्हा आली आणि म्हणाली, "डाक्तरला सांग, गुण आला." मी सांगते म्हटलं.

हळूहळू लोकांना सवय झाली. बायका आधी आल्या. किती वर्षं काय काय अंगावर काढत होत्या ते बघून मला चादरीवर खाजवण्याचे दिवस सोपे वाटले. मग बायकांनी मुलं आणली, आणि शेवटी, बाकी सगळे उपाय करून झाल्यावर, पुरुष आले.

त्यांच्यात एक वयस्कर बागायतदार होते. दम लागायचा. तपासून झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, मूळच्या कुठल्या?"

"रत्नागिरीच्या."

"रत्नागिरीत कुठे?"

मी गाव सांगितलं.

"गावात कुठची वाडी?"

हा प्रश्न कुठे जाऊन थांबतो ते मला दाराशी बसायचे तेव्हापासून माहीत होतं. मी म्हटलं, "बौद्धवाडी."

"बरं बरं," ते म्हणाले. मी गोळी दिली आणि मडक्यातलं पाणी पुढे केलं. ते म्हणाले, "घरी जाऊन घेतो." पुढच्या वेळेपासून ते येताना पाण्याचा तांब्या घेऊन यायचे. गोळी माझी, पाणी त्यांचं. माझा हात नाडीला लागलेला चालायचा, छातीला लागलेला चालायचा. पाण्याला नाही.

हा माणूस पुढे बदलला असं सांगायला मला आवडलं असतं. अशा गोष्टी भाषणात छान बसतात. पण ते बदलले नाहीत. तांब्या घेऊन येत राहिले. औषधं वेळेवर घ्यायचे, पथ्य पाळायचे, दरवर्षी हापूसची पहिली पेटी माझ्याकडे पाठवायचे. त्यांचे आंबे मी खायचे. शेवटच्या आजारात मीच जात होते घरी. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून, छत्री टेकत. ते गेले त्या दिवशी नाडी माझ्याच हातात होती. सुनेने मला चहा दिला. कप कुठला होता ते मी पाहिलं नाही. मला रडू येत होतं, आणि त्याचा मला रागही येत होता.

निवृत्त होऊन मी रत्नागिरीत राहायला आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खाडीच्या तोंडाशी मोठं बंदर झालं. मी ज्यांची बाळंतपणं केली त्यांतले काही तिथे क्रेन चालवतात.

मागच्या वर्षी महिला दिनाला गणपतीपुळ्याच्या पलीकडच्या एका शाळेने सत्काराला बोलावलं. मी आधी नाही म्हटलं. पण आरोग्य केंद्रातली नवी डॉक्टर मुलगी न्यायला आली, आणि ती गाडी फार हळू आणि नीट चालवते, म्हणून गेले. शाल, श्रीफळ झालं. प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राचार्य होते, बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की मी बर्फातून सरहद्द ओलांडली होती. एका हातात बंदूक, दुसऱ्यात स्टेथोस्कोप. मी शेजारच्या सरपंचबाईंना हळूच म्हटलं, "तिकडे भातशेती होती." त्या म्हणाल्या, "असू दे हो, चांगलं बोलतायत."

बराच वेळ झाला. मुलं चुळबुळ करायला लागली. प्राचार्यांनी आवाज चढवला, "आणि या वीरांगनेने साऱ्या जगाला..." आणि 'जगाला'तल्या 'ला'वर ते थांबले. तोंड उघडंच. लोकांना वाटलं भावना दाटून आल्या. टाळ्या पडल्या. प्राचार्य "आ, आ" करत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचा जबडा निखळला आहे.

मी शाल काढून ठेवली. त्यांना व्यासपीठाच्या पायरीवर बसवलं, डोकं भिंतीला टेकवलं. जबडा बसवायला अवघड नसतं, पण अंगठ्यांत जोर लागतो, आणि माझ्या अंगठ्यांना आता बरणीचं झाकणही ऐकत नाही. मी डॉक्टर मुलीला हाक मारली.

"मॅडम, मी हे फक्त पुस्तकात पाहिलंय," ती कानात म्हणाली.

"मग पुढचं मी सांगते. अंगठ्यांना रुमाल गुंडाळ. जाड. मागच्या दाढांवर ठेव. आधी खाली दाब, मग मागे."

प्राचार्यांचे डोळे मोठे झाले. मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" ते "ओ" म्हणाले. दोन असावीत. तेवढ्यात कट् आवाज झाला आणि तोंड मिटलं. मुलीचा अंगठा थोडा चावला गेला. यावेळी टाळ्या बऱ्याच जोरात पडल्या, आणि त्या खऱ्या होत्या.

मी हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली. सांगितलं, मऊ भात, जांभई आली तर हनुवटीला हात, आणि महिनाभर भाषण नाही. मुख्याध्यापकांनी लगेच राष्ट्रगीत घेतलं.

परत येताना आरे-वारेला गाडी थांबवून आम्ही भजी खाल्ली. मुलीला अंगठा दुखत होता, म्हणून ती डाव्या हाताने खात होती. ती फार खूश होती. आईला फोन लावून तिने सगळं सांगितलं, कट् आवाजासकट. मला तिच्या बोलण्यात एकदाही वीरांगना भेटली नाही. "आमच्या मॅडम सोबत होत्या," एवढंच ती म्हणाली. मग तिने विचारलं, रविवारी पुन्हा आलं तर चालेल का, तिला सांधे बसवायचं सगळंच शिकायचं आहे.

मी म्हटलं, ये. खांदा दाखवते. येताना एखादा सडपातळ माणूस घेऊन ये.

ती भावाला घेऊन आली. खांदा शाबूत होता त्याचा, तरी तो घाबरून आला होता. आता दर रविवारी येते. भाऊ येत नाही.