थांबणारा ठिपका

माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण पूर्ण झालं होतं: बुद्धिमान वाहतूक प्रणालींच्या संशोधनाचा इतिहास. आधी रस्त्याखाली तारा पुरून गाड्या मोजणं, मग संगणकावर चालणारे सिग्नल, मग उपग्रहावरून गाडीचा पत्ता लावणं. हे सगळं कशासाठी, तर वाट बघणं कमी व्हावं म्हणून. दुसऱ्या प्रकरणात मला तेच शिरपूर ते वाशीम रस्त्यावर दाखवायचं होतं.

त्या रस्त्यावर प्रवासी नेणाऱ्या एका काळीपिवळी जीपमध्ये मी जुना मोबाईल बसवला. गाडी कुठे आहे हे आमच्या गावातल्यांच्या फोनवर ठिपक्याच्या रूपात दिसू लागलं. आणि गाडी पूर्वीपेक्षा उशिरा पोचू लागली.

का, ते त्याच गाडीत बसल्यावर कळलं. पूर्वी लोक फाट्यावर येऊन उभे राहायचे. आता घरात बसून ठिपका बघायचे आणि तो जवळ आला की ड्रायव्हरला फोन करायचे.

"भाऊ, पुलाजवळ हायेस तू, दिसून राह्यलं मले. थांब जरा, वेणी घालून येतो."

ड्रायव्हर थांबायचा. "रोजची बाई हाय, ताई. टाकून कसा जाऊ?"

कॉलेजात सरांनी आकडे पाहिले. "हे उलटं आलंय. लोकांना सांगा, फोन करू नका म्हणावं. नीट आकडे नाही मिळाले, तर सबमिशन पुढच्या सत्रात."

लोकांना सांगा. मला माझा थांबा आला तरी 'थांबवा' म्हणवत नाही. दुसरं कुणी उतरेपर्यंत मी बसून राहते.

दुसऱ्या दिवशी गाडीत वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, आणि बोलले. "गाडी दिसली की कृपया ड्रायव्हरना फोन करू नका."

समोरच्या काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग दाखवते कायले पोरी? थांबवाची नाही तर पाहून काय करू?"

मागे कुणीतरी हसलं. तुम्ही घरून वेळेत निघावं म्हणून, असं मला सांगायचं होतं. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला आणि त्याने गाडी कडेला घेतली.

"तुमच्या आईचा हाय, ताई. डबा घरीच राह्यला म्हणते तुमचा."

"चला तुम्ही," मी म्हटलं. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नसावा. पोचला असता तरी तो हलला नसता.

मी खिडकीतून मागे पाहिलं. आई डबा घेऊन सावकाश येत होती. गाडी थांबलेली आहे, हे तिला हातातल्या फोनवर दिसत होतं.